ब्रिमफिल्डच्या मैदानात जुनी काच: घेणं, ओळखणं, विकणं

बिलोरी

इथल्या गॅरेज सेलच्या चर्चेच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, "जुनी काच विकतेस म्हणजे नक्की काय करतेस?" तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

आधी जागेबद्दल. ब्रिमफिल्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं एरवी झोपाळू गाव. गॉर्डन रीड नावाच्या लिलाववाल्याने १९५९ साली तिथे जुन्या वस्तूंचा बाजार सुरू केला. आता मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीन वेळा, मंगळवार ते रविवार हा बाजार भरतो. रूट २० च्या दोन्ही अंगांना मैलभर तंबूच तंबू. बाहेरून एकच जत्रा दिसते, पण प्रत्येक मैदानाचा मालक वेगळा, भाडं वेगळं, उघडायची वेळही वेगळी. एक फाटक उजाडताना उघडतं, दुसरं नऊला, तिसरं थेट दुपारी बाराला. काही मैदानांत फाटक उघडेपर्यंत टेबलावर माल मांडायचीही परवानगी नसते. मग बाराच्या ठोक्याला फाटकाबाहेरची गर्दी आत घुसते आणि तुम्ही खोक्यातून फुलदाणी काढत असतानाच कुणीतरी ती तुमच्या हातातून घेऊन किंमत विचारतं.

आता काचेबद्दल. मी 'आर्ट ग्लास' जमवते, म्हणजे साधारण १८८० ते १९३० या काळातली, वापरापेक्षा शोभेसाठी केलेली काच. न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, राहण्याचा फायदा असा, की यातली बरीचशी इथल्याच भट्ट्यांत जन्मली. अँबरिना ही खाली मधासारखी पिवळी आणि वर माणकासारखी लाल होत जाणारी काच. जोसेफ लॉकने १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या न्यू इंग्लंड ग्लास कंपनीत तिचं पेटंट घेतलं. दोन वर्षांनी न्यू बेडफर्डच्या माउंट वॉशिंग्टन कंपनीची 'बर्मीज' आली. ती तळाशी लोण्यासारखी पिवळी आणि काठाशी गुलाबी. दोन्हींत रंग वरून दिलेला नाही. काचेच्या मिश्रणात किंचित सोनं असतं, आणि वस्तू घडवल्यावर फक्त वरचा भाग पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरला की तेवढ्याच भागात लाली उतरते. बर्मीजमध्ये जोडीला युरेनियमही असतं, पिवळेपणा त्याचा. व्हिक्टोरिया राणीला ती इतकी आवडली की इंग्लंडात थॉमस वेबने परवाना घेऊन 'क्वीन्स बर्मीज' काढली.

त्यानंतर टिफनीची फॅव्रिल, स्टूबेनची ऑरीन, ब्रुकलिनची क्वेझल, बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली, लोट्झ. ही सगळी मोरपिशी झळाळीची मंडळी. भाव त्यांना, आणि नकलाही त्यांच्याच.

प्रश्न विचारा. फोटो चढत नाहीयेत, त्यामुळे तूर्त शब्दांवरच भागवू.

सुपारीफोड्या

वाचनखूण साठवली आहे. बायकोला दाखवणार नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मंगळवारपेठी

मस्त धागा. आमच्या पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी असंच चालतं, फक्त तंबू नाहीत, जमिनीवर ताडपत्री. काच तिथे कमी, लोखंड जास्त. तरी वाड्यातल्या हंड्या-झुंबरांचे सुटे लोलक अजून मिळतात. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर अख्खी झुंबरं टांगलेली असतात आणि दुकानदार प्रत्येकाला 'बेल्जियम' म्हणतो. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर या झुंबरं करणाऱ्या कंपनीचं तर कलकत्त्यातच दुकान होतं, संस्थानिकांची गिऱ्हाइकी होती. त्यामुळे इकडे आलेलं बरंच सामान इंग्लिश असणार. पण इंग्लिश म्हटलं तर गिऱ्हाईक हलत नाही, बेल्जियम म्हटलं की खिशात हात जातो.

तुमचा प्रश्न: पहाटेच्या अंधारात टॉर्चवर काच घेताना फसायला होत नाही?

बिलोरी

@मंगळवारपेठी, फसवणारा अंधार नसतो, दव असतं.

जुन्या काचेला एक आजार होतो. वर्षानुवर्षं फुलदाणीत पाणी राहिलं, किंवा कुणी ती डिशवॉशरमध्ये घातली, की पृष्ठभाग खरवडल्यासारखा धुरकट होतो. इथे तिला 'सिक ग्लास' म्हणतात. साठलेले क्षार व्हिनेगरने निघतात, पण काच खरोखर झिजली असेल तर धुरकटपणा धुऊन जात नाही, आतून पॉलिश करून घ्यावी लागते. ही धुरकट काच ओली असली की स्वच्छ दिसते. पहाटे मैदानात सगळ्या टेबलांवर दव पडलेलं असतं, प्रत्येक डिकँटर नव्यासारखा चकाकतो. म्हणून माझ्या खिशात सुती फडकं असतंच. आधी आतून-बाहेरून कोरडी पुसायची, मग बघायची. काही विक्रेते आतून खनिज तेलाचा हात फिरवतात. तेही फडक्याला लागतं.

मग काठावरून नख फिरवायचं. टवका डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो. काठ शेजारच्या भागापेक्षा उगाच चपटा किंवा बोथट लागला, तर टवका घासून काढलेला आहे असं समजायचं. शेवटी, विक्रेत्याला विचारून, बोटाने हलकी टिचकी. माठ घेताना आपण वाजवून बघतो तसंच. चिरलेली काच बद्द वाजते. पण जाड, दाबून घडवलेली काच चांगली असली तरी फारशी वाजत नाही, त्यामुळे एकट्या टिचकीवर विसंबू नये.

तिरपा_डोळा

थोडा विरोधी सूर लावतो. हा सगळा बाजार उतरणीला लागलाय. व्हिक्टोरियन काचेचे भाव वीस वर्षांपूर्वी होते त्याच्या निम्म्यावर तरी आहेत का? जमवणारी पिढी म्हातारी झाली, त्यांची घरं रिकामी होतायत, मुलांना काच नकोय. आणि ऑनलाइन लिलावांनी 'दुर्मिळ' हा प्रकारच संपवला. एका गावात एकच दिसणारी बशी स्क्रीनवर चाळीस जण विकताना दिसते. छंद म्हणून ठीक, पण "विकते" म्हणजे नक्की सुटतं काय? मैदानाचं भाडं, मोटेल, व्हॅन, फुटतूट?

बिलोरी

@तिरपा_डोळा, भाव उतरलेत हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण सगळ्या काचेचे सारखे उतरले नाहीत. मधल्या दर्जाचा माल आपटला. गोड दिसणाऱ्या पण हजारोंनी निघालेल्या बशा, वाट्या, क्रुएट्स (तेल-व्हिनेगरच्या छोट्या सुरया) आता कुणी उचलत नाही. उत्तम वस्तू, म्हणजे चांगला आकार, झळाळी शाबूत, कुठे टवका नाही, हिला आजही गिऱ्हाईक आहे.

शिवाय तरुण लोक येतात, फक्त दुसऱ्या टोकाकडून येतात. अतिनील टॉर्च घेऊन फिरणारी विशीतली मुलं दर मोसमात दिसतात, त्यांना युरेनियमची काच हवी असते. टॉर्च मारला की झगझगीत हिरवी. एक सूचना: ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चवर युरेनियम स्पष्ट चमकतं. ३६५ च्या टॉर्चवर मँगनीजवाली काचही फिकट हिरवी दिसते आणि पुष्कळजण तीच युरेनियम म्हणून घेऊन जातात. दोन्ही टॉर्च ठेवावेत. आणि चमकते म्हणजे जुनीच, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने युरेनियमवर निर्बंध आणले, पण १९५८ नंतर ते पुन्हा मिळू लागलं आणि काचवाल्यांनी पुन्हा वापरलं.

सुटतं काय? वर्षाचा हिशेब मांडला तर नोकरीची बरोबरी अजिबात नाही. पण माझ्या मालातला मोठा हिस्सा जनतेला विकलाच जात नाही, शेजारच्या तंबूतला विक्रेता घेतो. मैदानाच्या या भागातून त्या भागात जाताना वस्तूची किंमत वाढते, कारण बर्मीजचं गिऱ्हाईक ज्याच्याकडे बांधलेलं आहे त्याला ती माझ्यापेक्षा जास्त मोलाची. ऑनलाइन हा व्यवहार होत नाही. काच हातात घेतल्याशिवाय शहाणा विक्रेता मोठी रक्कम काढत नाही.

न्यूजर्सीची_माई

बिलोरीताई, माझ्याकडे एक फुलदाणी आहे. निळी-सोनेरी झळाळी, वीतभर उंच, अरुंद गळा. इस्टेट सेलमध्ये, म्हणजे एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं तिथे, घेतली. तळाला "एल. सी. टिफनी फॅव्रिल" असं कोरलेलं आहे. मुलगा म्हणतो खरी टिफनी इतक्या स्वस्तात मिळणारच नाही. कसं ओळखायचं?

बिलोरी

माई, सही सगळ्यात शेवटी बघायची.

आधी तळ. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या काचेला, जिथे ती टेकते फक्त तिथेच, बारीक ओरखडे असतात आणि ते सगळ्या दिशांना जातात. मुद्दाम जुनी केलेल्या वस्तूला सँडपेपरचे एकाच दिशेचे ओरखडे असतात, कधी कधी जो भाग टेबलाला लागूच शकत नाही तिथेही. मग भिंग घेऊन सहीकडे या. सहीची रेघ ओरखड्यांच्या वरून गेली आहे, की ओरखडे सहीच्या वरून? सही कारखान्यात केलेली असेल तर तिच्यावरही झीज दिसायला हवी. ताज्या, पांढऱ्या, कोरड्या कडांची सही झिजलेल्या तळावर बसलेली दिसली की समजायचं, ती अलीकडे कुणीतरी कोरली.

गंमत अशी की सही खोटी असली तरी काच खोटी असेलच असं नाही. लोट्झचा बराच माल बिनसहीचा असायचा आणि दिसायला टिफनीच्या जवळचा. त्यावर टिफनीची सही ठोकून विकायचे उद्योग झालेले आहेत. तेव्हा तुमच्याकडे खोट्या सहीची खरी लोट्झही असू शकते. तिला किंमत असते, फक्त त्या सहीमुळे उलट कमी येते.

आकार आणि झळाळी बघा. टिफनीच्या काचेत झळाळी आतून आल्यासारखी, रेशमी असते. आजच्या नकलांची झळाळी तेलाच्या तवंगासारखी भडक आणि सगळीकडे एकसारखी. शब्दांत यापुढे जाता येत नाही. जमलं तर एकदा कॉर्निंगच्या काचसंग्रहालयात जा आणि खऱ्या वस्तूंसमोर अर्धा दिवस घालवा. ते गाव स्टूबेनचंच, फ्रेडरिक कार्डरने १९०३ मध्ये कारखाना तिथेच काढला. तुम्हाला जवळ न्यू जर्सीतलंच व्हाइनलँडही आहे. ड्युरँडची झळाळती काच तिथली, आणि तिच्याही बऱ्याच वस्तू बिनसहीच्या.

न्यूजर्सीची_माई

भिंगातून बघितलं. ओरखडे आहेत, सगळ्या दिशांचे. सही त्यांच्या वरून गेलीये. मुलगा जिंकला म्हणायचा.

बिलोरी

अर्धाच जिंकला. फुलदाणी नीट गुंडाळून ठेवा, सप्टेंबरात घेऊन या, लोट्झवाल्या एका आजोबांना दाखवू.

कृष्णाकाठचा

धागा वाचून राहवलं नाही. मी कऱ्हाडचा. आमच्या शेजारचं ओगलेवाडी हे गावच काचेच्या कारखान्याने वसवलं. औंध संस्थानाने आसरा दिला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. त्याआधी १९०८ मध्ये पैसा फंडाच्या, म्हणजे लोकांकडून पैसा-पैसा जमवलेल्या निधीच्या, पैशातून तळेगावला काच कारखाना निघाला होता, तो टिळकांच्या स्वदेशीतला. म्हणजे तुमच्या त्या टिफनीच्या हयातीतच इकडेही काच ओतली जात होती. पण ती दिव्याची, बरणीची, रोजच्या कामाची.

माझा प्रश्न वेगळा. आजीच्या फडताळात सहा पेले सापडले. नारिंगी-सोनेरी झळाळी, नक्षी उठावाची, एकाच्या बुडात इंग्रजीत 'जैन' अशी अक्षरं. हे काय असावं?

बिलोरी

@कृष्णाकाठचा, ही फिरोजाबादची. जैन ग्लास वर्क्सची कार्निव्हल काच.

कार्निव्हल म्हणजे साच्यात दाबून घडवायची आणि गरम असतानाच धातूंच्या क्षारांचा फवारा मारून झळाळी आणायची. अमेरिकेत १९०७ मध्ये फेंटनने सुरुवात केली, मग नॉर्थवूड, इंपीरियल, मिलर्सबर्ग वगैरे आले. टिफनीसारखी दिसते पण साच्यातली, म्हणून स्वस्त. हिला गरिबांची टिफनी म्हणायचे. पुढे मागणी घटली, जत्रांत बक्षीस म्हणून वाटली जाऊ लागली, आणि हे नाव त्यावरून मागाहून पडलं.

भारतीय कार्निव्हलचे वेगळे शौकीन आहेत, इथेही आणि ऑस्ट्रेलियातही. पेले तर आहेतच, पण जैनच्या फुलदाण्या जास्त गाजलेल्या: मासा गुंडाळलेली, हत्तीची सोंड असलेली, आणि पंजाने धरलेली. ती पंजाची डाव्या हाताची आणि उजव्या हाताचीही मिळते. काच पातळ, काठ नाजूक, झळाळी लवकर उडते, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या वस्तू कमी.

राखेने, तारेच्या घासणीने घासू नका. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, बस्स.

मंगळवारपेठी

च्यायला! असले पेले जुन्या बाजारात ढिगाने पडलेले असायचे, सरबताचे म्हणून. कुणी वळूनही बघत नव्हतं.

सुपारीफोड्या

आमच्याकडे त्यात दात ठेवायचे. आजोबांचे.

तिरपा_डोळा

@कृष्णाकाठचा, भारतातून वस्तू बाहेर पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा बघून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी माणसाला निर्यात करता येत नाहीत. हे पेले तेवढे जुने नसावेत, पण झुंबरं-हंड्यांच्या बाबतीत लक्षात ठेवलेलं बरं.

चिंचगूळ

मी वूस्टरला राहते, एच-फोर व्हिसावर आहे, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या एच-वन व्हिसाला जोडलेल्या. घरात बसून कंटाळा येतो. थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या स्वस्त दुकानांतून, बरीच काच जमवली आहे. ब्रिमफिल्डला छोटा स्टॉल लावता येईल का?

बिलोरी

@चिंचगूळ, हा प्रश्न आधी विचारलास हे उत्तम. घरातली चारदोन जुनी भांडी विकणं वेगळं, आणि नफ्यासाठी माल घेऊन जागा भाड्याने घेऊन विकणं वेगळं. दुसरं म्हणजे काम. एच-फोरवर कामाचा परवाना हातात नसेल तर ते करू नकोस. परवाना असला तरी वकिलाला एकदा विचार. नवऱ्याच्या नावावर स्टॉल टाकू, असा सल्ला कुणी देईल. एच-वन फक्त त्याच्या कंपनीच्या नोकरीपुरता असतो, तेव्हा तोही रस्ता नाही.

तोवर शिकायला कुणी अडवत नाही. तुझ्यापासून ब्रिमफिल्ड जवळ आहे, नुसती फिरायला ये. वस्तू हातात घेऊन बघ. घेतेस तशी प्रत्येकीची नोंद ठेव: कुठे घेतली, कितीला, काय समजून घेतली. पुढे कराच्या वेळी हीच वही लागते. परवाना आला की राज्याच्या महसूल खात्यात नोंदणी करायची आणि ६.२५ टक्के विक्रीकर गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचा. समोरचा विक्रेता पुनर्विक्रीसाठी घेत असेल तर तो त्याचं प्रमाणपत्र देतो, मग त्याला कर लावायचा नाही.

थ्रिफ्ट स्टोअरमधली काच आहे म्हणून एक खूण सांगते. तळाला किंवा आतून 'फेंटन' असं साच्यातच उमटलेलं असेल तर वस्तू १९७० नंतरची. त्याआधी कागदी लेबलं असायची, ती कधीच निघून गेली. ही नवी फेंटनही सुंदर आहे, कारखान्याने २०११ मध्ये पारंपरिक काचकाम थांबवल्यापासून तिलाही गिऱ्हाईक आहे, पण तिला शंभर वर्षांची म्हणून विकू नये. ते नाव घासून काढलेल्या वस्तूही बाजारात येतात. तळाला बोटाने चाचपलं की तेवढाच गुळगुळीत खळगा लागतो.

चिंचगूळ

ताई, खूप आभार. परवान्याचा अर्ज केलेला आहे, वाट बघतेय. तोवर वही घालते. उघड्यावर काच मांडताना भीती नाही वाटत?

बिलोरी

वाटते ना. वाऱ्याची सगळ्यात जास्त.

पावसाला काच घाबरत नाही, आपण घाबरतो. वारा मात्र टेबलक्लॉथच्या खाली शिरतो आणि एका झटक्यात अख्खं टेबल साफ करतो. म्हणून कापड टेबलाला चारी बाजूंनी चिमट्यांनी घट्ट, किंवा सरळ कापडच नाही. छत्रीतंबूच्या चारही पायांना वजनं. गवतात ठोकलेल्या खुंट्या मेच्या चिखलात उपटून येतात. जमीन सपाट नसतेच, टेबलाच्या पायांखाली फळकुटं आणि सोबत पाणसळ. उंच, बारीक बुडाच्या फुलदाणीखाली मेणाचे चार ठिपके, तेच जे संग्रहालयवाले वापरतात. महागाच्या चारपाच वस्तू काचेच्या कपाटात, आणि कपाट मागे. पुढे टेबलाच्या कडेला स्वस्त माल, पर्सचा धक्का लागला तर तो जाईल.

उन्हाचं लोकांना सुचत नाही. भरीव काचेचा गोळा किंवा पेपरवेट उन्हात ठेवला तर तो भिंगाचं काम करतो, खालचं कापड करपतं, पेटूही शकतं. ते कायम सावलीत. जाड कट-ग्लास रात्रभर थंड व्हॅनमध्ये राहिलेला असतो, तो काढून लगेच कडक उन्हात मांडू नये. काचेची एक बाजू तापते, दुसरी गारच राहते आणि ताणाने ती आपोआप तडकते. खोकं उघडून अर्धा-एक तास सावलीत राहू द्यायचं. बिनरंगी जुन्या काचेत मँगनीज असेल तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती जांभळट होते. त्याचेही शौकीन आहेत, आणि किरणोत्सर्गाचा मारा करून गडद जांभळी केलेली काच त्यांना विकणारेही आहेत. फार गडद जांभळं दिसलं की मी हात लावत नाही.

तिरपा_डोळा

मान्य, माहिती भरपूर आहे. अजून एक: घासाघीस कशी? तिथले गोरे लोक भाव करतात का?

बिलोरी

सर्रास. पण पद्धत आहे. वस्तूला नावं ठेवायची नाहीत, "एवढ्याला कोण घेणार" म्हणायचं नाही. वस्तू हातात घ्यायची, नीट बघायची आणि विचारायचं, तुमचा शेवटचा भाव काय? बहुतेक जण दहा टक्के सोडतात. विक्रेता असाल तर थोडं जास्त. रोख दिसली की आणखी. शनिवार-रविवारी जास्त सुटतात, कारण व्हॅन परत भरायचा कंटाळा असतो. पण तोवर चांगला माल गेलेला असतो. आणि वस्तू हातातून खाली ठेवली की ती तुमची राहिली नाही. मागे उभा असलेला माणूस ती उचलतो आणि त्यात गैर काही नाही. विचार करायचा तर हातात धरूनच करायचा.

न्यूजर्सीची_माई

सप्टेंबरचं नक्की करते. फुलदाणी गाडीतून आणताना कशात गुंडाळू? वर्तमानपत्र चालेल?

बिलोरी

वर्तमानपत्र थेट काचेला नको, शाई लागते आणि सोनेरी कामावर डाग पडतो. बबल-रॅपही थेट नको, उन्हात गाडी तापली की त्याचे गोल ठसे झळाळीवर उमटू शकतात. आधी जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा, मग बबल-रॅप, मग खोकं, आणि खोक्यात फुलदाणी उभी ठेवा, आडवी नाही. गळ्यात काही कोंबू नका. बुधवारी सकाळी या, पार्किंग लांब मिळेल, चालायचे बूट घाला. सही झाकू नका, आजोबांना ती आधी दाखवायची आहे. खोट्या सह्यांच्या कोरण्या ओळखायचा त्यांना भारी शौक आहे.

सुपारीफोड्या

बायकोने धागा बघितला. आम्हीही सप्टेंबरात येतोय.